पाच रुपयांचे पाकीट आणि मुलांची भूक

"डॉक्टरसाहेब, पोऱ्या काहीच खास नही. भूक लागायचे टॉनिक लिहून द्या." शिरपूरसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ही तक्रार दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकावी लागते. तक्रार खोटी नसते. आईला खरोखरच काळजी असते. पण थोडी चौकशी केली की लक्षात येते, "काहीच खात नाही" याचा अर्थ भाकरी, वरण, भाजी खात नाही. बाकी बरेच काही खाते.

आता त्या 'बाकी'चा हिशेब मांडू. सकाळी चहात बुडवून ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम. त्यातून 225 किलोकॅलरी मिळतात. शाळेत जाताना कुरकुऱ्यांचे किंवा वेफर्सचे लहान पाकीट, त्यातून 80. दुपारी शाळेतून आल्यावर 'दोन मिनिटांच्या' नूडल्सचे एक पाकीट, त्यातून 300. संध्याकाळी रडून मिळवलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, 240. बेरीज साडेआठशेच्या आसपास होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 4 ते 6 वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे 1360 किलोकॅलरी आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक गरज पाकिटांनीच भागवली. अशा मुलाला रात्री आठ वाजता भाकरीची भूक कुठून लागणार? त्याची भूक मेलेली नाही. ती भलत्याच पदार्थाने भागवली गेली आहे. यावर बाटलीतले टॉनिक हा उपाय नव्हे.

फास्ट फूड म्हणजे नेमके काय?

फास्ट फूड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याचे पिझ्झा-बर्गर येतात, आणि "आमच्या गावात ते कुठे आहे?" असे वाटते. आपल्याकडे त्याचे रूप वेगळे आहे, एवढेच. करवंद नाक्यापासून बस स्टँडपर्यंत एक फेरी मारा. किराणा दुकानाच्या दारात तोरणासारख्या लटकणाऱ्या रंगीत माळा, मंचुरियन आणि नूडल्सच्या हातगाड्या, थंड पेयांच्या बाटल्या, क्रीम भरलेले केक हेच आपले फास्ट फूड. आणि ते फक्त गावात राहिलेले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी बोराडी, पळासनेर, सांगवी या भागातल्या पाड्यांवर जिथे ताजी भाजी आठवड्याच्या बाजारालाच मिळते, तिथेही ही पाकिटे रोज मिळतात.

प्रक्रिया केलेले सगळेच अन्न वाईट असे मात्र नाही. दळण दळणे ही प्रक्रियाच आहे. दुधाचे दही, डाळीचे सांडगे, ज्वारीचे बिबडे हेही प्रक्रिया केलेलेच पदार्थ. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे डॉ. कार्लोस मोंतेरो यांनी 2009 पासून अन्नाची जी वर्गवारी मांडली, तिचा सोपा अर्थ असा: ज्या पदार्थात धान्य, डाळ, फळ हे मूळ रूपात उरतच नाही, आणि मैदा, स्टार्च, तेल, साखर यांच्यात स्वयंपाकघरात कधी न सापडणारे रंग, स्वाद व इतर रसायने घालून कारखान्यात जो बनवला जातो, तो अतिप्रक्रिया केलेला पदार्थ. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. त्यातली निम्मी नावे आपल्या आजीला कळणार नाहीत असे असेल, तर तो पदार्थ या वर्गातला समजावा.

हे पदार्थ खाताना हात का थांबत नाही, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. केव्हिन हॉल यांनी 20 प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. 2019 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या प्रकारात माणसे रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी पाऊण ते एक किलोने वाढले. मऊ, लवकर गिळले जाणारे, चटपटीत अन्न पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचण्याआधीच खाऊन होते. मोठ्यांची ही गत, तर लहान मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

एकाच घरात दोन आजार

या अन्नाने मूल लठ्ठ होते, एवढेच लोकांना ठाऊक असते. आपल्या भागात मात्र त्याची दोन तोंडे दिसतात. एक मूल गुबगुबीत, तर दुसरे काडीसारखे. आणि दोघांच्याही डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीत हे प्रमाण 53.8 टक्के होते. शंभरातील जवळजवळ सत्तर मुले! त्याच काळात देशातील 5 वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण 2.1 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर गेले. रक्तक्षयाला जंत, वारंवार होणारे आजार, आईचाच रक्तक्षय अशी अनेक कारणे आहेत. सगळा दोष पाकिटांवर ढकलणे बरोबर नाही. पण ज्या मुलाला लोहाची आधीच कमतरता आहे, त्याच्या पोटातली जागा लोह नसलेल्या पदार्थाने भरणे म्हणजे गळक्या हंड्याला आणखी एक भोक पाडणे होय.

जगाचे चित्रही बदलले आहे. युनिसेफने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केले की 5 ते 19 वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण (9.4 टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (9.2 टक्के) जास्त झाले आहे.

शरीरात काय घडते?

दात : तोंडातले जंतू साखर व मैद्याच्या चिकट कणांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. एकदम किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. दर तासाला एक बिस्किट म्हणजे दर तासाला आम्लाचा हल्ला. "दुधाचे दात, पडणारच आहेत" असे म्हणू नये. किडलेल्या दाताने मूल चावत नाही, चावत नाही म्हणून भाकरी टाकते, आणि मऊ बिस्किटाकडे वळते. असे हे चक्र सुरू राहते.

पोट : मैद्यात तंतू जवळजवळ नसतात. शौच घट्ट होते, करताना दुखते, म्हणून मूल ते रोखून धरते. रोखल्याने ते आणखी घट्ट होते. वारंवार पोट दुखते म्हणून आणलेल्या कित्येक मुलांच्या दुखण्यामागे निव्वळ बद्धकोष्ठ असते. त्यासाठी सोनोग्राफीच्या आधी ताटाची तपासणी करावी.

रक्त आणि बुद्धी : लोह कमी पडले की मूल चिडचिडे होते, खेळताना दमते, माती-खडू खाते, वर्गात लक्ष देत नाही. मास्तर म्हणतात मुलगा ढ आहे. तो ढ नसतो. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा पदार्थच अपुरा असतो. लहान वयातील लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ते नुकसान नंतर पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. त्यात चहाची भर पडते. चहातील टॅनिन जेवणातील लोह आतड्यात शोषू देत नाही. म्हणून चहा-बिस्किट ही मुलांची न्याहारी नव्हे.

यकृत आणि साखर : जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, 5 टक्क्यांखाली आली तर अधिक चांगले. आठ वर्षांच्या मुलासाठी 5 टक्के म्हणजे साधारण 20 ग्रॅम, चार लहान चमचे. थंड पेयाच्या 250 मिलिलिटरच्या एका बाटलीत 25 ते 27 ग्रॅम साखर असते. जादा साखरेचे यकृत चरबीत रूपांतर करते. पूर्वी दारू पिणाऱ्या प्रौढांच्या अहवालात दिसणारे 'फॅटी लिव्हर' हे शब्द आता शाळकरी मुलांच्या अहवालातही दिसतात. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळी व मखमलीसारखी जाड दिसू लागली तर ती मळ समजून घासत बसू नका. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाल्याची, म्हणजे पुढे मधुमेह होण्याच्या शक्यतेची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

मीठ : नूडल्सच्या 70 ग्रॅमच्या एका पाकिटात साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ असते. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम, मुलांची त्याहून कमी. लहानपणी जिभेला खारटाची सवय लागली की ती आयुष्यभर सुटत नाही, आणि रक्तदाबाची पायाभरणी तिथूनच होते.

पाकीट स्वस्त आहे का?

"पाच रुपयांत पोर गप्प बसते" हा या पदार्थांचा सर्वांत मोठा फायदा मानला जातो. पाकिटावरचे वजन वाचा. समजा पाच रुपयांच्या पाकिटात 12 ग्रॅम माल आहे. म्हणजे भाव किलोला 416 रुपयांहून अधिक झाला. त्या भावात बाजारात शेंगदाणे, हरभरा, उडदाची डाळ किती येते ते आपल्या घरच्या बाईमाणसांनाच विचारा. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. पाकिटात मुख्यतः पीठ, तेल, मीठ आणि बरीचशी हवा. दोन मुलांना रोज दोन-दोन पाकिटे दिली तर महिन्याला 600 रुपये होतात. ज्या घरात दूध परवडत नाही म्हणून सांगतात, त्या घरातून हे 600 रुपये जात असतात, आणि पाच-पाच रुपयांनी जात असल्याने ते कळतही नाहीत.

यात आईला बोल लावण्याचा हेतू नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे उठून भाकरी थापते, आठ वाजता शेतात जाते, दिवे लागणीला परत येते. मागे राहिलेल्या लेकराच्या हातात पाच रुपये ठेवणे तिला सोपे पडते. म्हणून केवळ "देऊ नका" म्हणून भागणार नाही, "त्याऐवजी काय" हे सांगितले पाहिजे.

खान्देशच्या घरातलाच खाऊ

आपल्या भागाला अन्नाचे दारिद्र्य नाही. दादर आहे, बाजरी आहे, कडधान्ये आहेत, शेजारी जळगावची केळी आहेत. पुढील पदार्थांना फारसा वेळ लागत नाही.

1. केळ. देवानेच सालीत बांधून दिलेला खाऊ. धुण्याची, शिजवण्याची गरज नाही. मात्र खोकला झाला की केळ बंद करण्याची आपल्याकडची पद्धत अनाठायी आहे.

2. कळण्याची भाकरी. ज्वारीबरोबर उडीद दळल्याने धान्य आणि डाळ यांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. शिळी भाकरी कुस्करून दही किंवा दुधात दिली तर मुले आवडीने खातात. सकाळच्या बिस्किटांना हा उत्तम पर्याय आहे.

3. शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा चिक्की, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा. एकदा करून डब्यात भरले की आठवडाभर चालते. एक सावधगिरी मात्र घ्यावी: 5 वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकून जीव धोक्यात येतो. कूट करूनच द्यावे.

4. वाफवलेले फुणके. तुरीची डाळ भिजवून, वाटून, मेथी किंवा कांद्याची पात घालून केलेले फुणके कढीबरोबर जेवणात आणि नुसते डब्यात, दोन्हीकडे चालतात.

5. मोडाची मटकी किंवा मूग, वर लिंबू पिळून. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह चांगले शोषले जाते. उकडलेले अंडे ज्यांना चालते त्यांनी जरूर द्यावे.

6. ऋतूप्रमाणे बोरे, पेरू, सीताफळ, चिंचा-आवळे. तहानेला पाणी, ताक, लिंबूपाणी.

शाळेतली खिचडीही या यादीत धरावी. शालेय पोषण आहारात (2021 पासून पीएम पोषण) पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम धान्य, 700 किलोकॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. मधल्या सुट्टीच्या आधी फाटकाबाहेरचे पाकीट पोटात गेले तर ही खिचडी ताटात तशीच राहते. फुकट मिळणारे जेवण टाकून विकतचा उपास घडवण्याचा हा प्रकार आहे.

कायदा काय सांगतो?

मे 2017 मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर, केक अशा जादा चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आणि त्याऐवजी पोळी, भात, भाजी, इडली, खीर, नारळपाणी असे पदार्थ ठेवण्यास सांगितले. पुढे देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 मध्ये नियम केले. त्यानुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. मे 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले.

आता आपापल्या मुलांच्या शाळेच्या फाटकापासून 50 मीटर पावलांनी मोजून पाहा. नियम कागदावर आहे की रस्त्यावर, ते तिथेच कळेल. दुकानदाराशी भांडण करण्याचे कारण नाही. त्याचेही पोट आहे. तोच दुकानदार चिक्की, फुटाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू ठेवू शकतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. हा विषय तिच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडावा. एकट्या पालकाने मुलाला नाही म्हणणे कठीण जाते. सगळ्या वर्गाच्या डब्यात भाकरी असली की कोणालाच लाज वाटत नाही.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

'अजिनोमोटोमुळे हे सगळे होते का?' लोकांची भीती तिथेच अडकली आहे. खरी काळजी मीठ, तेल, मैदा आणि साखर यांची करावी. अजिनोमोटो नसलेले पाकीटही पौष्टिक होत नाही.

'घरची भजी, कचोरी, शेव चालेल का?' सणावाराला चालेल. रोजचे तळण घरचे असले तरी तळणच. एकदा तापवलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये.

'पौष्टिक म्हणून जाहिरात होणारी बिस्किटे, दुधात घालायच्या पावडरी?' डब्यामागचे कोष्टक वाचा. शंभर ग्रॅममध्ये साखर किती, ते पाहा. ग्लुकोज बिस्किटांतही साधारण चौथा भाग साखरच असते.

'मूल हट्टच धरते, काय करावे?' एकदम बंद करू नका. रोजचे दोन दिवसांआड करा, मग आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. घरात साठा ठेवू नका. जेवणाआधी दोन तास काही देऊ नका. जेवताना टीव्ही-मोबाइल बंद ठेवा आणि आपण स्वतः मुलाबरोबर बसून तेच अन्न खा. नवा पदार्थ मुलाने नाकारला तर रागावू नका. दहा वेळा ताटात आल्यावर अकराव्या वेळी तो खाल्ला जातो. पाहुण्यांनी, आजोबांनी, मामांनी येताना पाकिटांऐवजी फळे आणावीत असे मोकळेपणाने सांगा. आणि चांगले वागल्याचे बक्षीस म्हणून पाकीट कधीच देऊ नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वजन तीन महिन्यांत वाढले नाही किंवा घटले, मूल पांढुरके दिसते, माती खाते, शौचातून रक्त जाते, रात्री पोटदुखीने उठते, खूप तहान लागून वारंवार लघवी होते, मान काळवंडली आहे, किंवा कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, यांपैकी काहीही असेल तर मुलाची तपासणी करून घ्यावी. रक्तक्षयासाठी लोहाचे औषध सरकारी यंत्रणेतून मोफत मिळते: 6 महिने ते 5 वर्षांपर्यंत सरबत, 5 ते 9 वर्षांसाठी आठवड्याला गुलाबी गोळी, 10 ते 19 वर्षांसाठी निळी. जंतनाशक गोळी शाळा-अंगणवाडीत दिली जाते, ती चुकवू नये. गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नये.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. उद्या सकाळपासून मुलाच्या चहाच्या कपाशेजारचा बिस्किटांचा पुडा उचलून ठेवा. कपात दूध आणि ताटलीत कुस्करलेली भाकरी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस मूल रडेल, तोंड फिरवेल, उपाशीही राहील. घाबरू नका. निरोगी मूल समोर अन्न असताना फार काळ उपाशी राहत नाही. पंधरा दिवस निग्रहाने काढा आणि मग बघा, भुकेचे टॉनिक मागायला दवाखान्यात यावे लागते का.